खाडीकाठचे गाणे



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतनकरार, टाळेबंदी किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार, असे आपण धरूनच चालता. आज मी एका विलायती गाण्यांच्या अल्बमवर बोलणार आहे. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते ग्रंथालयात, रेल्वेच्या डब्यात आणि कारखान्यांच्या दारात झाले. त्यामुळे संगीतशास्त्राचा अधिकारी म्हणून मी बोलत नाही. परंतु हा अल्बम म्हणजे गाण्याच्या रूपाने उरलेला कामकरी लोकांच्या इतिहासाचा एक कागद आहे, असे माझे मत आहे, आणि असे कागद वाचणे हा माझ्या धंद्याचाच भाग आहे.

अल्बमचे नाव 'गोइंग बॅक होम', म्हणजे घरी परत जाताना. मार्च २०१४ मध्ये तो इंग्लंडात प्रसिद्ध झाला. गायक रॉजर डॉल्ट्री आणि गिटारवादक विल्को जॉन्सन. डॉल्ट्री हा 'द हू' या जगभर गाजलेल्या बँडचा गायक. त्या महिन्यात त्याने सत्तरी गाठली. विल्को सहासष्ट वर्षांचा होता. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. इंग्लंडातसुद्धा एका पिढीने ते जपले आणि दुसरी विसरून गेली होती. अकरा गाणी नोव्हेंबर २०१३ मध्ये सुमारे आठवड्याभरात ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत विल्कोने जाहीर केले होते की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, तो बरा होणारा नाही, आणि डॉक्टरांनी नऊ-दहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. महिने मोजून पाहा. ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा ती मुदत संपलेली होती.

एवढी हकीकत सांगितली की माणसे हळहळतात. अल्बम पुष्कळ खपला, इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला, त्यात या हळहळीचा वाटा होताच. मला मात्र त्या हळहळीच्या पलीकडे जायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि इंग्लंड सोडून आधी अमेरिकेत जावे लागेल. कारण हे संगीत मुळात तिथले.

या संगीताला 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हणतात. हे नाव गाणाऱ्यांनी ठेवलेले नाही. 'बिलबोर्ड' या अमेरिकेतल्या व्यापारी साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी 'रेस', म्हणजे 'वंश', या मथळ्याखाली छापली जात असे. १९४९ मध्ये तिथल्या जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराच्या सूचनेवरून तो मथळा गेला आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' आला. मथळा बदलला, ज्यांची गाणी होती त्यांच्या वस्त्या होत्या तिथेच राहिल्या.

या गाण्याचा एक मोठा पुरुष मडी वॉटर्स. मिसिसिपी राज्यात स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर तो राबत होता, ट्रॅक्टर चालवीत होता. ताशी साडेबावीस सेंट मजुरी मिळे. त्याने पंचवीस मागितले. मुकादमाने नकार दिला, आणि १९४३ मध्ये मडी वॉटर्सने शिकागोची गाडी पकडली. संगीताच्या इतिहासात या प्रसंगाला दोन ओळींची जागा मिळते. मी तो पुनःपुन्हा वाचला आहे. अडीच सेंटांची वाढ नाकारली गेली नसती तर पुढचे किती संगीत मळ्यातच राहिले असते, याचा हिशेब कोणी मांडावा! शिकागोत त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले, ट्रक चालवला, आणि रात्री गुत्त्यांतून गायला. गुत्त्यातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची घेतली. कलेतला तो मोठा पालट अशा अगदी व्यावहारिक अडचणीतून झाला.

त्याच्या तबकड्या काढल्या त्या चेस बंधूंनी. लेनर्ड आणि फिल चेस हे पोलंडमधून लहानपणी आलेले ज्यू स्थलांतरित. १९५० मध्ये त्यांनी 'चेस रेकॉर्ड्स' हे नाव घेतले. मडी वॉटर्स, हाऊलिन वुल्फ, चक बेरी, बो डिडली ही सारी मंडळी याच घराण्यातली म्हणायची. चेस बंधूंनी हे संगीत जतन केले हे खरे. आणि या गायकांना त्यांच्या गाण्यांचा पुरता मोबदला मिळाला नाही, हेही तितकेच खरे. मडी वॉटर्स आणि गीतकार विली डिक्सन यांना पुढे सत्तरीच्या दशकात आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी प्रकाशन कंपनीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. या मुद्द्यावर मी पुन्हा येईन.

ऑक्टोबर १९५८ मध्ये मडी वॉटर्स प्रथम इंग्लंडात गेला. तिथल्या रसिकांना शेतमजुराच्या हातातली साधी गिटार आणि दुःखी सूर अपेक्षित होते. हा गृहस्थ विजेची गिटार कडाडून वाजवू लागला, तेव्हा काही टीकाकार दचकले. पण जी पोरे त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांची होती, त्यांनी तो कडकडाट तबकड्यांवरून ऐकला आणि तो त्यांना परका वाटला नाही. का वाटला नाही? कारण ही पोरे ज्या वस्त्यांत वाढत होती तिथे कारखान्याचा भोंगा आणि यंत्राचा ठोका हेच पहिले संगीत होते.

डॉल्ट्री लंडनच्या पश्चिमेच्या शेफर्ड्स बुश या वस्तीतला. ग्रामर स्कूलमध्ये प्रवेश मिळण्याइतका हुशार होता, पण तिथून काढून टाकला गेला. मग पत्र्याच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसभर पत्रा कापायचा आणि रात्री बँडमध्ये गायचे. पहिली गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने ती लाकडाची स्वतः बनवली. तो भांडखोर होता, मुठीने प्रश्न सोडवणारा होता, असे त्याचे सोबतीही सांगतात. कारखान्याच्या दारात उभे राहून मी अशी शेकडो पोरे पाहिली आहेत. त्यांतली थोडी पुढारी होतात, थोडी निलंबित होतात, आणि काही दोन्ही.

विल्कोचे गाव निराळे. त्या गावाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण अल्बमच्या नावातले 'घर' ते हेच.

थेम्स नदी लंडन ओलांडून समुद्राला मिळते त्या मुखाशी उत्तरेच्या काठाला कॅन्व्ही नावाचे बेट आहे. बेट म्हणायचे, पण ती मुळात खाजणाची जमीन. सतराव्या शतकात डच लोकांना आणून तिथे बांध घालून घेतले आणि समुद्राकडून ती जमीन मिळवली. आजही भरतीच्या वेळी बांधाबाहेरचे पाणी आतल्या जमिनीहून उंच असते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ झाले, बांध फुटले आणि झोपलेल्या गावात पाणी शिरले. त्या एका बेटावर पन्नासहून अधिक माणसे बुडाली आणि हजारोंना गाव सोडावे लागले. विल्को तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. त्याचे खरे नाव जॉन विल्किन्सन. वडील गॅस फिटर. मुलगा किशोरवयात असतानाच ते वारले.

पुढे या बेटावर आणि शेजारच्या किनाऱ्यावर तेल आले. पश्चिमेला शेल हेवन आणि कोरिटन हे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने. रात्रंदिवस जळणाऱ्या त्यांच्या ज्योती बेटावरून दिसत. बेटाच्या काठाला टाक्या आणि धक्के. २० फेब्रुवारी १९५९ रोजी 'मीथेन पायोनियर' हे जहाज कॅन्व्हीच्या धक्क्याला लागले. द्रवरूप नैसर्गिक वायू समुद्रमार्गे नेणारी जगातील ती पहिली खेप. आणि ते जहाज आले कुठून? अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स बंदरातून. म्हणजे ज्या राज्यात मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिथून. चुलीतला वायू आणि गिटारवरचे गाणे, दोन्ही एकाच मुलखातून या बेटाकडे येऊ लागले. कॅन्व्हीची पोरे आपल्या चिखलाच्या खाडीला पुढे थट्टेने 'थेम्स डेल्टा' म्हणू लागली. मिसिसिपीच्या डेल्टात ब्लूज जन्मला, तर आमचाही डेल्टा आहेच की! थट्टा खरी, पण नकाशावर पाहिले तर ती अगदीच निराधार नव्हती.

विल्को आणि डॉल्ट्री यांचा गुरू मात्र एकच निघाला. जॉनी किड आणि त्याचा 'पायरट्स' हा बँड. जॉनी किड एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून चाच्याच्या वेषात गात असे. १९६० मध्ये त्याचे 'शेकिन ऑल ओव्हर' हे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. १९६६ मध्ये तो मोटार अपघातात मरण पावला. त्याच्या बँडची रचना अशी: एक गायक, एक गिटार, एक बेस, एक ड्रम. बस. डॉल्ट्रीच्या बँडने ही रचना पाहिली आणि आपलीही तशीच करून घेतली. डॉल्ट्रीने गिटार खाली ठेवली व फक्त गाऊ लागला. तिकडे कॅन्व्हीत विल्को मात्र या बँडचा १९६२ मध्ये आलेला गिटारवाला, मिक ग्रीन, याच्या मागे लागला होता.

मिक ग्रीनचे वैशिष्ट्य समजून घेतल्याशिवाय हा अल्बम समजणार नाही. साधारणपणे अशा संगीतात दोन गिटारवाले लागतात. एक ठेका धरतो, दुसरा मधल्या जागा भरतो. मिक ग्रीन ही दोन्ही कामे एकट्याने, एकाच वेळी करी. एका माणसाकडून दोघांचे काम करून घेणे याला आमच्या चळवळीत दुसरे नाव आहे; पण इथे त्याने ते आपल्या हौसेने पत्करले होते. विल्कोने ते शिकायचा प्रयत्न केला आणि शिकता शिकता त्याचे भलतेच काहीतरी तयार झाले. मुळात तो डावखुरा, पण गिटार उजव्या हाताने धरायला शिकला. नखी वापरत नसे. बोटे उघडी ठेवून तारांवर सपासप फटके मारी, आणि डाव्या हाताने तारा दाबून लगेच सोडून आवाज तोडी. त्यामुळे त्याच्या वादनात सुराइतकीच शांततेची जागा मोठी. ढोलकीवर जसा घुमणारा बोल आणि दाबलेला बोल मिळून ठेका होतो, तसेच हे. गाण्यातला गिटारचा खास तुकडा येतो तेव्हाही त्याचा ठेका सुटत नाही. ऐकणाऱ्याला वाटते दुसरा कोणीतरी वाजवतो आहे.

विल्को न्यूकॅसल विद्यापीठात शिकला. इंग्रजीचा पदवीधर, प्राचीन इंग्रजी काव्य आणि आइसलँडच्या जुन्या गाथा हे त्याचे आवडीचे विषय. पदवी घेतल्यावर तो खुष्कीच्या मार्गाने थेट भारतात येऊन गेला, मग परत जाऊन काही काळ शाळामास्तर झाला. १९७१ मध्ये गावच्या मित्रांबरोबर त्याने 'डॉक्टर फीलगुड' हा बँड उभा केला. गायक ली ब्रिलो, बेसवर जॉन स्पार्क्स, ड्रमवर जॉन मार्टिन. बँडचे नावसुद्धा जॉनी किडने गायलेल्या एका गाण्यावरून घेतलेले.

तो काळ कसा होता? मोठमोठ्या बँडची गाणी वीस-वीस मिनिटे चालत, सामानाला ट्रक लागत, तिकिटे महाग होत चालली होती. कॅन्व्हीची ही चार पोरे जुने सूट घालून लंडनच्या दारूगुत्त्यांत तीन-तीन मिनिटांची गाणी वाजवू लागली. १९७५ च्या आरंभी त्यांची पहिली तबकडी आली: 'डाउन बाय द जेट्टी', धक्क्याच्या खाली. मुखपृष्ठावर कॅन्व्हीचा किनारा आणि चार रया गेलेले तरुण. ध्वनिमुद्रण जुन्या एकपदरी पद्धतीचे, मोनो. खोलीत चौघांनी मिळून वाजवले तेवढे खरे, वरून काही चिकटवायचे नाही, हा विल्कोचा हट्ट. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांचा प्रत्यक्ष मैफलींतला संग्रह 'स्टुपिडिटी' इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. लगेच मागून जी 'पंक' नावाची लाट आली, तिच्यातली पोरे यांच्या मैफलींत पुढच्या रांगेत उभी राहून शिकलेली होती.

आणि १९७७ मध्ये सारे मोडले. नव्या तबकडीत कोणते गाणे घ्यावे यावरून वाद झाला, आणि विल्को बाहेर पडला. एका गाण्याचे ते निमित्त. चार माणसे वर्षानुवर्षे एका गाडीत फिरली, तिघे एका सवयीचे आणि चौथा दुसऱ्या. गाणी लिहायचा भार एकट्यावर आणि घाम मात्र चौघांचा. गाणी लिहिणाऱ्याला हक्कांचे पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला मिळत नाहीत. ही या धंद्याची घडण आहे, आणि ती कोणत्याही मैत्रीवर ताण आणते. युनियनमध्ये मी पाहिलेली फूटही नेहमी एखाद्या किरकोळ ठरावावरून पडते. ठराव विसरला जातो, फूट राहते. ब्रिलोने बँडचे नाव पुढे चालवले आणि १९९४ मध्ये तो कर्करोगाने गेला. त्याचे वय तेव्हा बेचाळीससुद्धा पुरे नव्हते.

नंतरची पस्तीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती भरभर सांगण्यासारखीच आहेत. लहान सभागृहे, तीन माणसांचा बँड, वर्षानुवर्षे तीच गाणी. त्यात एक गोष्ट मात्र आपल्याला थांबून ऐकण्यासारखी आहे. १९८० मध्ये विल्को काही काळ इयन ड्यूरीच्या 'ब्लॉकहेड्स' या बँडमध्ये गेला. तिथे त्याला नॉर्मन वॉट-रॉय नावाचा बेसवादक भेटला, आणि १९८५ पासून तो विल्कोच्याच बँडमध्ये आला. हा नॉर्मन वॉट-रॉय जन्माने मुंबईकर. १९५१ च्या फेब्रुवारीत मुंबईत जन्मला. १९५४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. ड्यूरीचे जे गाणे जानेवारी १९७९ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, त्यातली ती झरझर धावणारी बेस याच्या बोटांची. मुंबईत जन्मलेल्या माणसाच्या बोटांवर मिसिसिपीचे संगीत थेम्सच्या खाडीत इतकी वर्षे उभे राहिले. 'गोइंग बॅक होम'मध्ये विल्कोच्या गिटारखाली जी जमीन आहे ती त्याचीच.

आता अल्बमकडे येऊ. २०१० मध्ये एका पारितोषिक समारंभात डॉल्ट्री आणि विल्को शेजारी बसले. बोलणे निघाले ते जॉनी किडचे. दोघांच्याही तरुणपणाचा देव एकच आहे असे कळल्यावर एकत्र काहीतरी करू, असे ठरले. आणि अशा समारंभांत ठरते त्याप्रमाणे ते तिथेच राहिले. मग विल्कोच्या आजाराची बातमी आली. त्याने रसायनोपचार नाकारले आणि मार्च २०१३ मध्ये निरोपाचा दौरा केला. आणि आता करायचे असेल तर ताबडतोब, असा डॉल्ट्रीचा निरोप आला.

ससेक्स परगण्यातल्या अकफील्ड गावाजवळ एक लहान ध्वनिमुद्रणशाळा घेतली. निर्माता डेव्ह एरिंगा. बेसवर नॉर्मन, ड्रमवर डिलन हाऊ. हे दोघे विल्कोच्या रोजच्या बँडमधले. पियानो-ऑर्गनवर मिक टॅल्बट, माउथ ऑर्गनवर स्टीव्ह वेस्टन. आठवड्यात अकरा गाणी, म्हणजे दिवसाला एक-दोन. कोणी प्रेरणेची वाट पाहत बसलेले नव्हते. सकाळी यायचे, गाणे बसवायचे, वाजवायचे, पुढचे घ्यायचे. मला या अल्बममध्ये सर्वांत पटलेली गोष्ट ही. मरणाची मुदत डोक्यावर असलेला माणूस आपल्या हयातीचे सार सांगणारे काही भव्य रचायला बसला नाही. तो कामावर आला.

एक आक्षेप इथे घेतला जातो, आणि तो खोटा नाही. अकरांपैकी दहा गाणी विल्कोची जुनीच. शीर्षकगीत तर त्याने मिक ग्रीनबरोबर मिळून केलेले, १९७५ मधले. अकरावे बॉब डिलनचे, तेही साठीच्या दशकातले. मग यात नवे काय? बाजाराने मरणाऱ्या माणसाच्या नावावर जुनाच माल पुन्हा विकला, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम गप्प बसवता येणार नाही. पण ज्यांना हा आक्षेप घ्यायचा असेल त्यांनी आधी 'ऑल थ्रू द सिटी' हे गाणे दोन्ही रूपांत ऐकावे. १९७५ च्या तबकडीत ते ब्रिलोने गायले आहे. त्यात तेलशुद्धीकरण कारखान्याचे जळते मनोरे येतात. गावातल्या पोराने रोज पाहिलेले. ते गाणे लिहिले गेले तेव्हा शेल हेवन चालू होता आणि कोरिटनही. शेल हेवन १९९९ मध्ये बंद झाला. कोरिटनची मालक कंपनी पेट्रोप्लस जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला. कामगारांनी दारात निदर्शने केली, सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. डॉल्ट्रीने नोव्हेंबर २०१३ मध्ये तेच गाणे गायले तेव्हा त्या ज्योती विझून जेमतेम दीड वर्ष झाले होते. एक शब्द बदललेला नाही. पण १९७५ मध्ये जे गाणे समोर दिसते ते सांगत होते, तेच आता नसलेल्याची नोंद झाले. गाणे जुनेच राहिले आणि त्याचा अर्थ नवा झाला; हा पालट ना विल्कोने केला, ना डॉल्ट्रीने. तो भांडवलाने केला. इतिहासाचा कागद म्हणतो तो हाच.

डॉल्ट्रीचा आवाजही त्या आवाजाच्या जागी बसत नाही, आणि बसवण्याचा प्रयत्न त्याने केलेला नाही. ब्रिलोचा आवाज धमकावणारा, दात-ओठ खाणारा. डॉल्ट्रीचा आवाज सत्तरीचा, घोगरा, जागोजागी खरवडलेला. वेगवान गाण्यांत तो गिटारच्या मागे धावताना ऐकू येतो. 'टर्न्ड ट्वेंटी-वन' या संथ गाण्यात मात्र तो थांबून उभा राहतो आणि तिथे या माणसाने पन्नास वर्षे काय केले आहे ते कळते. सगळीच गाणी सारखी चांगली उतरली आहेत असे मी म्हणणार नाही. दोन-तीन ठिकाणी ड्रम आणि ऑर्गन यांची गर्दी होते आणि विल्कोच्या वादनातली ती शांततेची जागा भरून जाते. चौघांच्या बँडमध्ये ते कधी झाले नसते.

अल्बम निघाला तो चेस रेकॉर्ड्सच्या नावाने. आता चेस कंपनी १९६९ मध्येच विकली गेली होती; त्याच वर्षी लेनर्ड चेसही वारला. कंपनी हात बदलत बदलत युनिव्हर्सल या अवाढव्य कंपनीच्या पेटीत गेली. या अल्बमसाठी ते जुने नाव, ती जुनी खूण पुन्हा बाहेर काढली. विल्को आणि डॉल्ट्री यांना त्याचा अभिमान वाटला असणार. ज्या तबकड्यांवर ते शिकले त्यांच्या रांगेत आपली तबकडी. त्यांच्या अभिमानाला मी नावे ठेवत नाही. पण ती खूण पाहिली की मला साडेबावीस सेंट आठवतात. ज्यांच्या घामावर त्या खुणेला किंमत आली, त्यांतले बहुतेक आपल्या हक्कांच्या पैशासाठी भांडत गेले, आणि खूण मात्र मालकाकडून मालकाकडे सुखरूप पोचली. हे संगीत थेम्सकाठी आले त्यात इंग्लंडच्या कामकरी पोरांचे प्रेम होते, आणि त्या प्रेमाचा नफा कृष्णवर्णीय मजुराच्या घरी फारच थोडा गेला, या दोन्ही गोष्टी एका वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. मला तरी ते सोपे जात नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये डॉल्ट्रीच्याच जुन्या वस्तीत, शेफर्ड्स बुश एम्पायर या नाट्यगृहात, दोघांनी मिळून कार्यक्रम केला. विल्को अजून जिवंत होता, आणि हीच एक बाब एका माणसाला खटकत होती. चार्ली चॅन हे व्यवसायाने शल्यचिकित्सक आणि छंदाने संगीताच्या मैफलींची छायाचित्रे काढणारे. त्यांनी २०१३ च्या उन्हाळ्यात विल्कोला व्यासपीठावर उड्या मारताना पाहिले होते. ज्या रोगाचे निदान झाले आहे तो रोगी इतके महिने असा नाचू शकत नाही, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी विल्कोला केंब्रिजच्या ॲडनब्रूक्स रुग्णालयातले डॉक्टर इमॅन्युएल ह्यूगे यांच्याकडे पाठवले. गाठ होती, पण ती कर्करोगाच्या निराळ्या, हळू वाढणाऱ्या जातीची होती. ३० एप्रिल २०१४ रोजी कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. स्वादुपिंड, प्लीहा, जठराचा आणि आतड्यांचा काही भाग काढावा लागला. गाठीचे वजन सुमारे तीन किलो भरले. ऑक्टोबरमध्ये विल्कोने जाहीर केले की आपण रोगमुक्त आहोत.

ॲडनब्रूक्स हे सरकारी आरोग्यसेवेचे रुग्णालय आहे. ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, आणि ती उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या ट्रेडिगर गावचा खाणकामगार. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला, युनियनमध्ये वाढलेला. ट्रेडिगरच्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून आपल्यासाठी डॉक्टर आणि दवाखाना चालवला होता. तोच नमुना बेव्हनने साऱ्या देशाला लावला. गॅस फिटरच्या मुलाची ती गाठ निघाली आणि त्याला बिल आले नाही, यामागे त्या खाणकामगारांची वर्गणी आहे. अल्बमवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी या प्रकरणाला चमत्कार म्हटले. चमत्काराला वर्गणी लागत नाही.

आता आपण विचाराल, मरणार म्हणून ज्याचा अल्बम लोकांनी घेतला तो जगला, तर अल्बमची किंमत कमी झाली का? माझ्या मते झाली असती, जर त्यात मरणाखेरीज काही नसते तर. विल्को वाचला त्यामुळे हळहळ गळून पडली आणि वादन राहिले. आता ते त्याच्या गुणदोषांसह ऐकता येते. शस्त्रक्रियेनंतर त्याला काही काळ हातात गिटार धरणेही जड गेले. मग तो पुन्हा कामावर आला. सप्टेंबर २०१७ मध्ये सत्तरीनिमित्त रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवला. २०१८ मध्ये 'ब्लो युअर माइंड' हा अल्बम काढला, त्यात नवी गाणी होती. वाजवणारे तेच नॉर्मन आणि डिलन, निर्माता तोच, खूणही चेसचीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा शेफर्ड्स बुश एम्पायरला वाजवून आला. २१ नोव्हेंबरला घरी वारला. वय पंचाहत्तर. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीवर त्याने नऊ वर्षे जादा भरली होती.